अडकलेले बेअरिंगचे घर : जुने तेल-एंजिन उलगडताना घ्यावयाची काळजी

सांप्रत बहुतेक विहिरींवर विजेचे पंप बसले आहेत. तरी आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मळ्यात एखादे संथ चालीचे जुने तेल-एंजिन अद्याप उभे आहे. कोणी ते वीज नसेल त्या वेळी पाणी उपसण्यासाठी राखले आहे, कोणाचे गुऱ्हाळाचा चरक फिरविते, तर कोणी वडिलांच्या हातची वस्तू म्हणून ते मोडीत घातलेले नाही. अशा एंजिनाच्या दुरुस्तीचा प्रसंग आला, म्हणजे पिस्टन, झडपा, तेलाचा पंप ही कामे गावचा फिटरही नीट करतो. परंतु मुख्य दांड्याचे, म्हणजे क्रँकचे, बेअरिंग बदलण्याची पाळी आली की काम अडते. कारण ते बेअरिंग ज्या बिडाच्या घरात बसविलेले असते, ते घर वर्षानुवर्षे न हलल्यामुळे क्रँककेसशी जणू एकजीव झालेले असते. हे घर कसे काढावे, आणि विशेषतः कसे काढू नये, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. बेअरिंग बाजारात मिळते. त्याचे घर मिळत नाही. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो, व तो क्रमांक सांगितला असता तालुक्याच्या अगर जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच मापाचे नवे बेअरिंग मिळू शकते. घर मात्र त्या एका बांधणीच्या एंजिनासाठी ओतलेले असते. ते फुटले तर मोडीच्या दुकानांतून शोधीत फिरावे लागते, नाही तर सांधून घ्यावे लागते. म्हणून काम करताना मनाशी असा क्रम धरावा : नट-बोल्ट कापावे लागले तरी चिंता नाही, बेअरिंग खराब झाले तरी चालेल, घराला इजा होऊ नये, आणि क्रँककेसला तर केसभरही तडा जाऊ देऊ नये. कित्येक लोक नेमके उलट करतात. बोल्ट वाचवावा म्हणून घराचा कान मोडतात.

एंजिनाची बांधणी

इंग्लंडातील डर्स्ली येथील लिस्टर कारखान्याने इ. स. १९३० च्या सुमारास 'सी. एस.' नावाचे संथ चालीचे तेल-एंजिन बाजारात आणले. एका सिलिंडरचे हे एंजिन प्रथम मिनिटास ६०० फेऱ्यांवर पाच अश्वशक्तीचे व पुढे ६५० फेऱ्यांवर सहा अश्वशक्तीचे होते. त्याच नमुन्यावर राजकोट येथील कारखान्यांनी हजारो एंजिने बनविली. आपल्या प्रांती साताऱ्याच्या कूपर कारखान्याने, आणि इ. स. १९४६ साली पुण्यास स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ह्या कंपनीने तेल-एंजिने शेतकऱ्यांच्या विहिरींपर्यंत पोहोचविली. प्रत्येकाची बांधणी थोडीबहुत निराळी आहे. पुढील विवेचन लिस्टरच्या नमुन्याच्या एंजिनास धरून केले आहे. पण त्यातील तत्त्व सर्वांना लागू पडेल.

अशा एंजिनात क्रँक दोन्ही बाजूंस एकेका बेअरिंगवर तोललेला असतो. पुष्कळ एंजिनांत ही बेअरिंगे निमुळत्या रोलरची असतात. बेअरिंगची आतली कडी क्रँकवर घट्ट बसविलेली असते, व बाहेरची कडी बिडाच्या घरात. ह्या घराचा एक गोल गळा क्रँककेसच्या भिंतीतील छिद्रात शिरतो, आणि बाहेरचा रुंद काठ, ज्यास कारागीर फ्लँज म्हणतात, तो भिंतीवर टेकून बोल्टांनी किंवा स्टडांनी आवळलेला असतो. काठ आणि भिंत ह्यांच्या मध्ये कागदाच्या अगर पत्र्याच्या पातळ चकत्या असतात. त्यांस शिम म्हणतात. शिम किती जाडीचे आहेत ह्यावर क्रँक आडवा किती खेळतो हे ठरते. शिम कमी झाले तर बेअरिंग आवळले जाऊन तापते. अधिक झाले तर क्रँक ठोकू लागतो.

म्हणजे घर अडकण्यास दोनच जागा आहेत. एक, गळा आणि छिद्र ह्यांमधील गोल फट. व दुसरी, काठ आणि भिंत ह्यांमधील सपाट सांधा. कोणत्या जागी काय धरून आहे हे प्रथम ओळखावे.

कशाने अडकते

गोल फटीत बहुधा गंज असतो. लोखंड गंजले म्हणजे त्याचे आकारमान मूळच्या दुपटीहूनही वाढते. फट मूळचीच अत्यंत अरुंद असल्यामुळे हा गंज दोन्ही भागांच्या मध्ये पाचरीसारखा ठासून बसतो. जे एंजिन वर्षानुवर्षे पावसात उभे आहे किंवा पुरात बुडालेले आहे, त्यात हा प्रकार हटकून आढळतो. सपाट सांध्यात जुना कागद, तेलाचा वाळलेला चिकटा, आणि कोणी लावलेला डिंक अथवा शेलॅक असतो. व ह्या सर्वांवर रंगाचे थर चढलेले असतात. एंजिन जितक्या वेळा रंगविले गेले तितके थर. रंग दिसावयास निरुपद्रवी खरा. पण तो सांधाही झाकतो आणि बोल्टाचे डोकेही झाकतो.

ह्या शेवटच्या वाक्यासाठी मला जी किंमत मोजावी लागली ती सांगतो.

सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन गावी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात थोरल्या बंधूंच्या मळ्यातील एंजिन उलगडण्यास मी हौसेने घेतले. त्याचा क्रँक ठोकत होता. दादा म्हणाले, "फिटरला बोलावू." मी म्हणालो, "चार बोल्ट तर काढायचे आहेत." चारही बोल्ट निघाले, पण घर हलेना. दोन दिवस तेल सोडले, लाकूड धरून ठोकले, पहार घालून उचकटले. तिसऱ्या दिवशी सायंकाळी माझा धीर सुटला आणि मी घण घेतला. चौथ्या घावाला काठाचा एक कान तुटून मातीत पडला. त्या धक्क्याने शेजारचा रंगाचा पोपडाही उडाला, आणि त्याखाली काठात बुडालेला एक लहानसा स्क्रू दिसला. त्याची खाच रंगाने भरून गेली होती. घर गंजाने अडकले नव्हतेच. तो एक स्क्रू त्याला धरून होता, आणि मी त्या स्क्रूशी तीन दिवस झुंजत होतो.

तुटलेला कान सांधून, त्याची बैठक लेथवर पुन्हा सपाट करून आणण्यास अकरा दिवस लागले. ऐन वैशाखात ते अकरा दिवस दादांनी शेजाऱ्यांकडून पाणी मागून ऊस जगविला. खालचा एक वाफा तरी वाळलाच. दादांनी मला शब्दानेही बोल लावला नाही, हेच मला अधिक लागले. महसुलाच्या कचेरीत मी जन्मभर इतरांना सांगत आलो होतो की, कागद नीट वाचल्यावाचून शिक्का मारू नये. तो नियम येथे मीच मोडला होता.

प्रथम पाहावे, मग हात लावावा

म्हणून पहिले काम पाहण्याचे. घराच्या सभोवतालचा रंग पत्र्याच्या खरवडणीने व तारेच्या ब्रशाने पूर्णपणे काढून टाकावा. काठाचा सर्व घेर, त्याच्यावरील व क्रँककेसच्या कडेवरील प्रत्येक खड्डा डिझेलने पुसून स्वच्छ करावा. कोठे बुडालेला स्क्रू आहे काय, घर फिरू नये म्हणून घातलेली खुंटी आहे काय, तेलाची नळी घरात शिरते काय, हे बोटाने चाचपून पाहावे. हाताशी आरसा व विजेरी असल्यास खालची बाजूही पाहता येते. दुसऱ्या बाजूचे घर तसेच असेल तर त्याच्याशी ताडून पाहावे. तेथे दिसणारा स्क्रू येथे दिसत नसेल, तर तो येथे झाकलेला असण्याचा संभव मोठा.

नंतर खुणा कराव्या. घराच्या काठावर आणि क्रँककेसवर एकमेकांसमोर पंचाने ठिपका द्यावा. एका बाजूस एक, दुसऱ्या बाजूस दोन. कारण तेल परत क्रँककेसमध्ये वाहून जाण्यासाठी घरात छिद्र अथवा खाच असल्यास ती पुन्हा मूळच्याच जागी यावी लागते. ती भलतीकडे आली तर नवे बेअरिंग कोरडे राहील किंवा तेल बाहेर गळेल.

त्यानंतर भार उतरवावा. पाणी व तेल काढून टाकावे. फ्लायव्हील काढताना तिची चावी हा स्वतंत्र झगडा असतो. चावीचे डोके आणि चाकाचा तुंबा ह्यांमध्ये दोन पाचरी समोरासमोरून सारख्या ठोकाव्या म्हणजे चावी सरळ बाहेर येते. चाकाच्या आऱ्यांवर घाव घालू नये, कारण तेही बीडच आहे. चाक साखळीच्या कप्पीने तोलून लाकडी ओंडक्यांवर उतरावे, आणि त्या वेळी मुलांस जवळ फिरकू देऊ नये. क्रँककेसच्या बाजूचे झाकण काढून कनेक्टिंग रॉड सोडवावा व पिस्टन वर काढून घ्यावा. आता क्रँक एकटा राहिला. त्याच्याखाली क्रँककेसमध्ये लाकडाचा ठोकळा व पाचर घालून त्याचा भार तोलावा. हे न केल्यास घर सुटत असताना क्रँक खाली बसतो, गळा तिरपा होऊन छिद्रात आणखी घट्ट अडकतो, आणि माणसास वाटते की गंज सुटत नाही.

तेल आणि काळ

डिझेल व पातळ यंत्रतेल समभाग मिसळून ते सांध्यावर सोडावे. बाजारात गंज सोडविण्याची तयार तेलेही मिळतात. ती अधिक पातळ असल्याने लवकर शिरतात. परंतु कोणतेही तेल घटकेत काम करीत नाही. अरुंद फटीत ते आपोआप ओढले जाते खरे, पण गंजाच्या थरातून त्याची वाट मंद असते. म्हणून सकाळ-सायंकाळ तेल सोडून निदान तीन-चार दिवस द्यावे. तेल वरच्या बाजूने सोडावे, आणि सांध्याभोवती कापडाची वळी गुंडाळून ती तेलात भिजत ठेवावी, म्हणजे ते मातीत वाहून जात नाही. शक्य असल्यास आतूनही, म्हणजे झाकणाच्या वाटेने, गळ्याच्या आतल्या कडेवर तेल द्यावे. पुष्कळ लोक हे विसरतात. वस्तुतः गंज बाहेरून आत जितका असतो तितकाच आतून बाहेरही असू शकतो.

तेल सोडल्यावर दररोज काठाच्या सभोवती पितळेच्या अगर तांब्याच्या दांड्याने हलके हलके ठोके द्यावे. हे ठोके घर काढण्यासाठी नव्हेत. गंजाच्या थरात सूक्ष्म भेगा पाडून तेलास वाट करून देण्यासाठी ते आहेत. पाव किलोची हातोडी ह्यास पुरते. ह्या कामी घण घरातच ठेवावा हे उत्तम.

ओढण्यापूर्वी फिरवावे

गोल गळ्याचे घर सरळ ओढण्यापेक्षा जागच्या जागी थोडे फिरविणे सोपे असते. हे ध्यानात आल्यापासून माझे अर्धे श्रम वाचले. सरळ ओढताना दोन्ही बाजूंस सारखा जोर न लागल्यास गळा तिरपा होतो. फिरविताना हे भय पुष्कळ कमी. शिवाय लांब दांडीच्या तरफेने थोड्या श्रमात मोठा पीळ देता येतो.

ह्यासाठी घर धरणारे स्टड प्रथम काढून घ्यावे. स्टडावर दोन नट चढवून ते एकमेकांवर घट्ट आवळावे, आणि आतल्या नटाला पाना लावून उलटे फिरवावे. स्टड आट्यांतून बाहेर येतो. मग काठाच्या समोरासमोरच्या दोन छिद्रांत बोल्ट घालून त्यांवर तीन-चार सूत जाडीची व दोन-अडीच हात लांबीची लोखंडी पट्टी आवळावी. ही पट्टी म्हणजे तरफ. तिला एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असा सावकाश दाब द्यावा. धक्का देऊ नये. पहिल्या दिवशी काहीच हालचाल दिसणार नाही. मग एखादे वेळी कर्र असा बारीक आवाज होऊन पट्टी बोटभर सरकते. तेथे थांबावे, तेल सोडावे, आणि पुन्हा मागे-पुढे करावे. गंजाचा तपकिरी चिखल सांध्यातून बाहेर येऊ लागला म्हणजे अर्धे काम झाले असे समजावे.

आट्यांचा सारखा जोर

फिरू लागलेले घर बाहेर आणण्यास, किंवा खुंटीमुळे जे फिरविता येत नाही ते सोडविण्यास, सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे बोल्टाचे आटे. कित्येक घरांच्या काठात आट्यांची दोन रिकामी छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. त्यांत रंग आणि ग्रीस भरलेले असल्यामुळे ती ओळखू येत नाहीत. त्यांत बोल्ट पिळले असता बोल्टाचे टोक क्रँककेसच्या भिंतीला रेटते आणि घर बाहेर ढकलले जाते. अशी छिद्रे नसतील, व काठ पुरेसा जाड असेल, तर समोरासमोर दोन छिद्रे पाडून टॅपने आटे पाडून घ्यावे. बोल्टाच्या टोकाखाली भिंतीला खड्डा पडू नये म्हणून, व शिम फाटू नयेत म्हणून, फट पडताच तेथे पोलादी चकती सरकवावी.

ह्या साधनाचा जोर किती असतो हे वाचकांनी हिशेबाने पाहावे. १२ मिलिमीटरच्या ग्रीस लावलेल्या बोल्टावर एक फूट लांबीच्या पान्याने १३-१४ किलोचा जोर दिला, तर बोल्टाचे टोक सुमारे दीड टनाने रेटते. दोन बोल्ट मिळून तीन टन झाले. हा जोर घणासारखा एका कोपऱ्यावर, एका क्षणात येत नाही. तो दोन्ही बाजूंस सारखा आणि स्थिर राहतो. बीड दाबाला फार बळकट असते, पण ताणाला आणि वाकविण्याला त्याचे बळ त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकेच असते. काठाच्या कडेवर घाव बसला की तो काठ वाकू पाहतो, आणि बीड वाकत नाही, ते तुटते. म्हणून जोर द्यावयाचा तो सारखा, सरळ आणि सावकाश.

बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा फिरवावे. दोन्ही बाजूंची फट पातळ पत्रीच्या गेजाने मोजत राहावी. एका बाजूस अधिक फट दिसली तर त्या बाजूचा बोल्ट थांबवून दुसरा पिळावा. पाना जड लागू लागला म्हणजे आणखी जोर करू नये. ताण तसाच ठेवून, तेल सोडून, काठाभोवती हलके ठोके देऊन घरी जावे. रात्रीच्या गारव्याने व सकाळच्या उन्हाने धातू आकुंचन-प्रसरण पावतो. पुष्कळ वेळा सकाळी येऊन पाहावे तो बोल्ट आपोआप सैल झालेले आढळतात, म्हणजे घर तेवढे बाहेर आलेले असते.

पुलर लावावयाचा झाल्यास त्याचा टेकू क्रँकच्या टोकावर देऊ नये. तसे केल्यास सर्व जोर पलीकडच्या बेअरिंगवर जातो, आणि त्यातच कोणी ठोकले तर त्या चांगल्या बेअरिंगच्या कड्यांवर रोलरचे वळ उमटतात. जाड पट्टीचा पूल करून त्याचे दोन पाय क्रँककेसच्या भिंतीवर, आतल्या कडांना आधार असेल अशा जागी, टेकवावे.

उष्णतेचा उपयोग

आच देण्याविषयी लोकांत मोठा गैरसमज आहे. जो भाग अडकला त्यालाच तापवावे, असे बहुतेकांस वाटते. पण येथे गळा आत आहे व छिद्र बाहेर. गळा तापविला तर तो फुगून अधिक घट्ट होतो. तापवावयाचे ते छिद्राभोवतालच्या क्रँककेसला; घर शक्य तितके गार राहिले पाहिजे. बीड एका अंश सेंटिग्रेडला आपल्या लांबीच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे ११ भाग वाढते. छिद्राचा व्यास १५० मिलिमीटर धरला आणि क्रँककेस घरापेक्षा ७० अंशांनी अधिक तापले, तर छिद्र ०.११ मिलिमीटरहून थोडे अधिक मोठे होईल. कारागिरांच्या भाषेत साडेचार थाऊ. प्रत्यक्षात घरही लगोलग तापू लागते आणि एवढा फरक टिकत नाही. पण एक-दोन थाऊंची मोकळीक मिळाली तरी ती पुष्कळ होय.

ह्यास ज्योत लागत नाही. छिद्राभोवती गोणपाटाच्या घड्या बांधून त्यांवर उकळते पाणी सावकाश ओतीत राहावे, व त्याच वेळी घराच्या पोकळीत बर्फाची पिशवी ठेवावी. पाच-सात मिनिटांनी आट्यांचा जोर द्यावा. काम झाल्यावर सर्व भाग पुसून तेल लावावे, नाही तर तेच पाणी उद्याचा गंज होईल. ब्लोलँप वापरणे भागच पडले, तर प्रथम डिझेलचा अंश न् अंश पुसून टाकावा, डिझेलचा डबा दूर न्यावा, वाळूची बादली जवळ ठेवावी, आणि ज्योत एका जागी न धरता गोल फिरवीत राहावी. एकाच जागी तापलेले बीड तडकते. तापलेल्या बिडावर गार पाणी तर कधीच ओतू नये. बेअरिंग पुन्हा वापरावयाचे असेल तर ते १२० अंशांच्या वर जाऊ देऊ नये, कारण त्यापुढे त्याच्या पोलादाचा कठीणपणा उतरू लागतो.

जुन्या मोटारींच्या एंजिनांत ही उष्णतेची युक्ती अधिक फळास येते, ह्याचेही कारण जाणून घेण्याजोगे आहे. इंग्लंडात १९२२ ते १९३९ पर्यंत निघालेल्या ऑस्टिन सेव्हन ह्या लहान मोटारीचे क्रँककेस अल्युमिनियमचे आहे. अल्युमिनियम बिडाच्या दुपटीने प्रसरण पावते. त्यामुळे तशा क्रँककेसमध्ये बिडाचे वा पोलादाचे घर असेल, तर दोन्ही एकत्र तापली तरी छिद्र मोठे होत जाते. आपल्या विहिरीवरच्या एंजिनात दोन्ही भाग बिडाचे असतात. म्हणून येथे दोहोंच्या उष्णतेत फरक राखणे हेच सर्व काही आहे. मोटारीच्या कारागिराचे पाहून सगळेच एंजिन तापवीत बसू नये.

घर निघाल्यावर

घर बाहेर येताच उतावीळपणे बाजूस ठेवू नये. दोन्ही बाजूंचे शिम वेगवेगळे काढून, पुसून, त्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजावी, व 'चाकाची बाजू', 'गिअरची बाजू' अशी चिठ्ठी लावून निरनिराळ्या पुड्यांत बांधावे. सातबाऱ्यावरची नोंद एका गटाची दुसऱ्यास लागली म्हणजे जो घोळ होतो, तोच घोळ शिम मिसळल्याने होतो. आणि तो एंजिन चालू झाल्यावरच कळतो.

बेअरिंगची बाहेरची कडी घरात अडकली असेल, आणि ती टाकूनच द्यावयाची असेल, तर वेल्डरकडून तिच्या आतल्या बाजूस सभोवार वेल्डिंगची एक बारीक रेघ मारून घ्यावी. रेघ गार होताना कडी आकसते आणि बहुधा हाताने निघते. घरावर मात्र ठिणगी पडू देऊ नये.

गळा आणि छिद्र ह्यांवरील गंज बारीक पॉलिश पेपरने तेल लावून काढावा. कानस लावू नये. गंज जावा, धातू जाऊ नये. बसविताना दोन्हींवर ग्रॅफाइटचे ग्रीस पातळ फासावे, म्हणजे पुढे जो कोणी हे घर काढील त्यास आपल्यासारखे कष्ट पडणार नाहीत. घर ठोकून बसवू नये. लांब बोल्टांनी आळीपाळीने ओढून घ्यावे. शिम प्रथम मूळच्याच जाडीचे घालावे, आणि नव्या बेअरिंगमुळे क्रँकचा आडवा खेळ बदलला असल्यास एंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतका तो आणावा. बोल्ट पूर्ण आवळल्यावर क्रँक हाताने सहज फिरला पाहिजे. तो जड फिरत असेल तर एंजिन सुरू करू नये. शिम वाढवून पुन्हा पाहावे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या कृष्णाकाठी पुष्कळ एंजिने दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली. त्यांपैकी एक आमच्या चुलत्यांचे. त्याचे घर खरोखरीच गंजाने धरले होते. ह्या वेळी रंग प्रथम काढला, स्क्रू शोधले, तेल चार दिवस दिले. पाचव्या दिवशी पट्टीने ते दोन बोटे फिरले, आणि सहाव्या दिवशी सकाळी दोन बोल्टांवर ते अलगद बाहेर आले. दादा शेजारी बसून होते. घर हातात घेऊन त्यांनी त्याचे चारही कान एकेक करून पाहिले आणि म्हणाले, "ह्या खेपेला सगळे आहेत."

त्या एंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस आम्ही तेलरंगाने बेअरिंगचा क्रमांक, दोन्ही बाजूंच्या शिमांची जाडी, बुडालेल्या स्क्रूची जागा आणि काम केल्याची तारीख लिहून ठेवली आहे. आपल्या एंजिनाचे घर निघाल्यावर प्रत्येक वाचकाने एवढे अवश्य करावे. त्यास पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही, आणि पुढच्या खेपेस झाकण उघडणारा माणूस, तो आपला मुलगा असो वा परका फिटर, घणाकडे हात नेण्यापूर्वी ते वाचील.